जाड टाचांचं घराणं

फोन वाजला तेव्हा मी जेवणाची भांडी आवरत होते. संध्याकाळचे आठ. स्क्रीनवर 'दिनूकाका' एवढंच नाव, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी फोन कानाला लावता लावताच बोलून मोकळी झाले, "हो काका, घेतली."  पलीकडून एका बाईचा आवाज आला, हळू, इथल्या आयर्लंडातल्या मलिंगारकडच्या हेलातला. काकांची शेजारीण, नोरा. तो गेला म्हणाली, आत्ताच, अगदी शांतपणे. आणि तुला कळवायचं म्हणून मी त्याच्याच फोनवरून लावला, माफ कर. मी ओल्या हाताने तशीच उभी. त्याच दिवशी सकाळी मी काकांकडून स्वोर्ड्सला, माझ्या घरी परत आले होते, लेकीची शाळा होती म्हणून. दोन दिवसांनी पुन्हा जायचंच होतं. आणि खरं सांगू? रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आज मी काकांशी खोटं बोलले. गोळी घ्यायची राहिली होती. मग मी प्रेस उघडलं... कपाटाला इथे प्रेस म्हणतात, माझ्याही तोंडात आता तेच बसलंय... गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली, आणि ओट्याला टेकून पोटभर रडले.

याला आता दीड महिना होईल. दिनूकाका म्हणजे माझे सख्खे काका, बाबांचे धाकटे भाऊ. मलिंगारच्या हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात काढली, तीही म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर म्हणून. अडुसष्टाव्या वर्षी गेले. इथले लोक हळहळले, हे काय जाण्याचं वय आहे, म्हणाले. त्यांना काय सांगू? आमच्या घराण्यात हा विक्रम आहे. पणजोबा, आजोबा, माझे बाबा, सगळे पन्नाशीच्या आतच गेले, बोलता बोलता, छातीला हात लावून. कराडजवळच्या आमच्या गावात लोक म्हणायचे, या घरातल्या पुरुषाला नातवंड बघायचं भाग्य नाही. घरातही एक अलिखित नियम होता. चाळिशीनंतर पुरुषाचा वाढदिवस करायचा नाही, त्याला ओवाळायचं नाही, त्याचं वय तोंडाने उच्चारायचं नाही. उगाच कुणाचं लक्ष कशाला वेधा?

आणि गंमत बघा, ज्या गोष्टीने घात केला, तिचाच आम्हाला कोण अभिमान! आमच्या घराण्याच्या टाचा. टाचेच्या वरची ती शीर असते ना, ती आमच्याकडे दोरखंडासारखी जाड, घट्ट. राबणाऱ्यांच्या टाचा आहेत, मोठी आत्या सांगायची, पणजोबा रात्रभर चालून बाजार गाठायचे, तो जोर उतरलाय खाली. मुलगा विशीत आला की आत्या त्याच्या टाचा चाचपून बघायची आणि समाधानाने म्हणायची, खरा आपला आहे. आईचं लग्न ठरलं तेव्हाही म्हणे कुणीतरी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलाची टाच बघा, दगड आहे दगड, पोरीला काही कमी पडायचं नाही. आईने हे मला कितीदा तरी सांगितलंय, हसत हसत. बाबा गेल्यानंतर सांगायची थांबली.

काका मेडिकलला गेले तेव्हाच त्यांनी लग्न न करण्याचं ठरवलं. मागे विधवा ठेवायची नाही, एवढं एकच कारण. घरात दोन होत्या, त्यांनी बघितल्या होत्या. छातीचा काहीतरी आजार घराण्यात आहे हे त्यांना डॉक्टर म्हणून कळत होतं, पण त्याचं नाव काय, त्यावर करायचं काय, हे कळत नव्हतं. आणि मला वाटतं, शोधायची भीतीही असावी. मग ते आयर्लंडला आले. एकदा त्यांचे वरिष्ठ, म्हातारे आयरिश डॉक्टर, त्यांच्या खोलीवर जेवायला आले होते. काकांनी आमटी-भात केला होता आणि आपल्या पद्धतीने अनवाणीच वाढत होते. पाहुण्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, तुझ्या टाचा अशा कधीपासून आहेत? काका मोठ्या ऐटीत म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या! आणि वर पणजोबांची चालण्याची गोष्टही सांगितली. म्हाताऱ्याने ती शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, ते तुझे आजोबा गेले कितव्या वर्षी? आणि तुझे वडील?... दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः काकांचं रक्त काढून घेतलं. ही गोष्ट सांगताना काका दर वेळी इथे थांबायचे, आणि म्हणायचे, "मी चप्पल काढून वाढत होतो म्हणून वाचलो, वैजू."

शाप वगैरे काही नव्हता. एक जीन होतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून बाजूला करायचं शरीराचं जे काम, ते आमच्यात जन्मापासून अर्धवट होतं. मग ते साचत जातं, हृदयाच्या नळ्यांत आणि जाता जाता टाचेच्या शिरेतही. म्हणजे आत्या ज्या टाचा चाचपून खूश व्हायची, तो आजाराचाच ठसा होता. काकांनी तडक बाबांना फोन लावला. तेव्हा परदेशातून फोन येणं म्हणजे केवढं अप्रूप, गल्ली गोळा व्हायची. बाबा पोट धरून हसले, हे मला अजून आठवतंय. टाच जाड म्हणून गोळ्या खायच्या? अरे दिन्या, परदेशात जाऊन शहाणा झालास की खुळा? काका पुन्हा पुन्हा फोन करत राहिले. शेवटी आईनेच फोन घेतला आणि सांगितलं की भावजी, असलं अभद्र बोलायला फोन करत जाऊ नका. बाबा पुढे चार-पाच वर्षांत गेले. मी शाळेत होते. शेवटचा नमस्कार करताना मी त्यांच्या टाचा दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा लग्नही झालं नव्हतं. पहिल्याच शनिवारी मलिंगारला गेले. दार उघडलं, काका उभे, केस पांढरेशुभ्र, पायात मागची बाजू दाबून चपटी केलेल्या सपाता. टाचेला टोचतात म्हणून त्यांनी आयुष्यात कुठलंही घरातलं पादत्राण नीट घातलं नाही. मी रीतीप्रमाणे नमस्काराला वाकले. त्यांनी आशीर्वाद दिला, आणि म्हणाले, "झालं? आता तू वळ." मला काही कळेना. काका चक्क जिन्याच्या पायरीवर बसले, मला मोजे काढायला लावले आणि माझ्या टाचेवरून अंगठा फिरवला. काका आपल्या पुतणीच्या पायाला हात लावतायत, मी इतकी ओशाळले, पाय मागेच घेत होते. म्हटलं, अहो काका, मी मुलगी आहे, आपल्याकडे हे पुरुषांचं असतं ना? तर म्हणाले, "जीन बाई-बुवा बघत नाही बाळ. आईबापापैकी एकाकडे असलं की पोराच्या वाट्याला येईल किंवा येणार नाही, दोन्हीची शक्यता सारखी. बायका उशिरा जातात म्हणून आपल्या घरात त्यांचं कुणी मनावरच घेतलं नाही." त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं म्हातारपणामुळे असेल. रिपोर्ट आला तेव्हा समजलं. अंगठा फिरवला तेव्हाच त्यांना कळलं होतं.

त्या दिवसापासून मलाही गोळी, आणि रोज संध्याकाळी आठला फोन. "घेतलीस का?" बस, एवढंच. हो म्हटलं की इथल्यासारखं 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणून ठेवून द्यायचे. कधी मी मीटिंगमध्ये, कधी बसमध्ये, कधी नवऱ्याशी भांडणाच्या ऐन भरात, फोन वाजायचाच. लग्नानंतर पहिल्यांदा मंदारने विचारलं, हे काय प्रकरण आहे, तर म्हटलं, सासुरवास सगळ्यांना असतो, मला काकावास आहे. लेक, इरा, पोटात असताना डॉक्टरांनी गोळी बंद ठेवायला सांगितली होती, तेव्हा काकांची पंचाईत झाली. विचारणार काय? मग तितके महिने फोन यायचा, "जेवलीस का?" इरा झाली, अंगावरचं दूध सुटलं, आणि प्रश्न पुन्हा मूळपदावर आला.

रविवारी त्यांच्याकडे गेलं की गप्पा ठरलेल्या. नोरा एखादा केक घेऊन यायची. ती आणि काका एकमेकांचे कोण, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. काकांचा लाडका विषय म्हणजे माणूस किती आणि का जगतो. पेशंट आला की बीपी नंतर, आधी आईवडील किती जगले ते विचारणार. एक शेतकरी होते, नव्वदीच्या पुढचे, लोण्याचा गोळा खाऊन रोज गाई हाकणारे. त्यांची बहीणही तशीच खणखणीत. काका म्हणायचे, अशांच्या घरात ते असतंच, फार म्हातारपण गाठणाऱ्यांना आईबापांकडून काहीतरी मिळालेलं असतं. पण ते काहीतरी म्हणजे एक गोष्ट नव्हे, बारीक बारीक शंभर गोष्टी, आणि त्यांचा पुरता पत्ता अजून कुणाला लागलेला नाही. दीर्घायुष्याची एकच किल्ली नसते, वैजू. अल्पायुष्याची मात्र कधी कधी एकच असते, आपल्यासारखी, आणि ते बरंच आहे, कारण एकच असली तर कुलूप घालता येतं. मी म्हणायचे, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं. तर चिडायचे. पीठ घराण्याचं असतं, म्हणायचे, थापणं आपलं, आणि तवा किती तापेल ते कुणाच्याच हातात नाही. आम्ही कराडकडचे, आम्हाला भाकरीपलीकडे काही समजत नाही हे त्यांना माहीत होतं.

एकदाच, लग्नाचा विषय निघाला होता तेव्हा, ते म्हणाले, "पन्नाशीत संपणार म्हणून सगळं आवरून बसलो होतो. मग संपलोच नाही... पंचावन्नाव्या वर्षी लक्षात आलं, अरे, लग्न करायला काही हरकत नव्हती." नोरा तेव्हा केक कापत होती. तिला मराठी कळत नाही. पण सुरी थांबली होती.

इरा सात-आठ वर्षांची झाली तसा काकांनी विषय काढला. तिची तपासणी करून घे. असेल तर लहानपणीच गोळी सुरू करता येते, म्हणजे साचायला सुरुवातच होत नाही. आणि मी, जी रोज गोळी खाते, जिला सगळं समजतं, ती अडून बसले. स्वतःचं कळणं वेगळं आणि लेकीचं कळणं वेगळं. नाही कळलं तोवर ती नुसती इरा आहे, कॅमोगी हा इथला काठी-चेंडूचा खेळ खेळणारी, माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर देणारी. कळलं की ती आमच्या घराण्याची. त्यात आई आली तीन महिन्यांसाठी. तिला कुणकुण लागली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. "पोरीच्या रक्तात काय हाय ते कशाला हुडकतीस गं? न्हाई हुडकलं तर न्हाईच हाय."  आईशी काका बाबांनंतर या विषयावर कधीच बोलले नव्हते. मला फोनवर फक्त म्हणाले, वहिनींना रविवारी घेऊन ये.

आम्ही गेलो. काका दारात वाकले आणि त्यांनी वहिनीला नमस्कार केला. आईने काकांना कित्येक वर्षांत समोर पाहिलं नव्हतं. ती आशीर्वादाचा हात उचलून तशीच थांबली. मला वाटलं चक्कर येतेय. ती त्यांच्या डोक्याकडे बघत होती. "ह्या घरातला पांढऱ्या केसांचा पुरुष मी जल्मात पहिल्यांदा बघतीय," ती म्हणाली. मग खाली बघितलं, सपातीतून बाहेर आलेल्या त्याच टाचांकडे. बाबांच्याच टाचा.  इराने विचारलं, आजी का रडतेय?

थोड्या वेळाने आई डोळे पुसून उठली आणि म्हणाली, भावजी, तुमची साठीशांत झाली का? काका म्हणाले, वहिनी, आपल्याकडे पुरुषाचं वय उच्चारत नाहीत. मी उच्चारते, आई म्हणाली, आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. कणीक मळली, तिचे दिवे केले, साठ. तूप कमी पडलं तेव्हा नोरा तिच्या घरातलं आयरिश लोणी घेऊन आली, ते कढवलं. परातीत सगळे दिवे पेटवून आई काकांना ओवाळायला लागली आणि छतावरचा धुराचा अलार्म असा काही कोकलला की शेजारचे दोन पुरुष धावत आत आले. बघतात तर काय, एक म्हातारा कपाळाला कुंकू लावून खुर्चीवर बसलाय, एक साडीतली बाई त्याच्यासमोर पेटती परात फिरवतेय, आणि नोरा स्टुलावर चढून टॉवेलने अलार्मला वारा घालतेय. आई थांबली नाही. अलार्मच्या आवाजातच तिने ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि परात खाली ठेवून माझ्याकडे वळली. "मीच भावजींना फोनवर अडवलं होतं," ती म्हणाली. "तू अडू नकोस. कर जा पोरीची तपासणी."

इराला आहे. रिपोर्ट आला तेव्हा काकांनी माझ्या आधी वाचला आणि फोनवर मला रडू दिलं. मग म्हणाले, आपल्या घराण्यात वेळेवर कळलेलं हे पहिलं माणूस आहे, याला वाईट बातमी म्हणतात का? आई गावाला परतली होती. तिला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, गोळी कवा चालू करायची? दहाव्या वर्षी चालू केली. काकांनी इराला समोर बसवून सांगितलं, तुझ्या टाचा बारीक राहिल्या पाहिजेत, एवढंच एक काम आहे तुला. ती 'आयम ग्रँड' म्हणून पळून गेली.

काकांना जे झालं ते हृदयाचं नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला आणि हातात थोडेच आठवडे राहिले. मी देवाला, नशिबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ते मात्र बिछान्यातून हसायचे. हृदयाला विचार ना कसं आहे, म्हणायचे, एकदम ठणठणीत! आपल्या घरातला पहिला माणूस मी, जो दुसऱ्याच कशाने तरी चाललाय. वर आणखी म्हणाले, वैजू, पन्नाशीनंतरचं सगळं वरचं होतं, साय होती नुसती... तू, इरा, वहिनींचे दिवे, हे मला मिळणारच नव्हतं. आठचा फोन शेवटपर्यंत चुकला नाही. अखेरच्या आठवड्यात नोरा नंबर लावून द्यायची.

इथे माणूस गेला की त्याला सूट घालून पेटीत ठेवतात, आणि गावातली माणसं रांगेने येऊन घरच्यांचा हात हातात घेतात. रांग दाराबाहेर गेली होती. काकांनी ज्यांच्या आईवडिलांचं शेवटचं दुखणं सुसह्य केलं, ती सगळी माणसं. मला नमस्कार करायचा होता आणि पाय सॅटीनच्या कापडाखाली झाकलेले. मी तिथली व्यवस्था बघणाऱ्या माणसाला विचारलं, मला त्यांच्या पायांना हात लावायचा आहे, चालेल का? तो बिचारा जराही चपापला नाही. कापड बाजूला केलं, आणि हळूच मोजेही काढले. मी वाकले, दोन्ही हातांनी टाचा धरल्या. एकदा बाबांच्या धरल्या होत्या, तेव्हा हातात नुसता आकांत होता. या वेळी मला फक्त धन्यवाद म्हणावंसं वाटत होतं, आणि म्हटलंही, मोठ्याने, मराठीत, सगळ्या रांगेदेखत. मागे वळून बघितलं तर नोरा उभी. तिने माझं बघून, अवघडत, गुडघा धरून वाकत त्यांच्या पायांना हात लावला. मग मोजे तिनेच परत घातले.

त्या सपाता नोराने मला दिल्या. त्या आमच्या दाराशी आहेत, मागून चपट्या, टाकवत नाहीत. सगळं आटोपून घरी आलो त्या संध्याकाळी आठ वाजले आणि मी फोनकडे बघत बसले. वाजणार नाही हे माहीत असूनही बघत बसले. मंदारने टीव्हीचा आवाज कमी केला. मग हॉलमधून फटक फटक असा आवाज आला, अगदी काकांसारखा.  बघते तर इरा, पायात त्या भल्यामोठ्या सपाता, एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या, तिची आणि माझी. आणि ज्या पोरीने आजवर मला एका वाक्याचं उत्तर मराठीत दिलेलं नाही, ती काकांच्याच सुरात म्हणाली, "घेतलीस का?"

सपातांच्या चपट्या कडांवरून तिच्या टाचा बाहेर आल्या होत्या. बारीक, चिमटीत मावतील अशा. दहाव्या वर्षी सगळ्यांच्याच बारीक असतात, काका असते तर लगेच बजावलं असतं, इतक्यात निष्कर्ष काढू नकोस. नाही काढत. आम्ही दोघी एकाच ग्लासातून पाणी प्यायलो.

"हो," मी म्हटलं, "घेतली." या वेळी खरंच घेतली होती.